डावीकडे बोला

फॉर्म कानडीत होता.
जांबोटीच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला मी,
उद्यमबागेत फाउंड्रीत साचे भरणारा,
त्या अक्षरांकडे बघत राहिलो:
गोल, फुगलेली, तापल्या वाळूतल्या लाह्यांसारखी.
सही कुठे करायची ते कळत होतं.
कशावर करतोय, ते नाही.

शकुंतला बडिगेर सिस्टरनी कागद हातातून घेतला,
चष्मा कपाळावरून खाली ओढला
आणि ओळीवर बोट ठेवत
मोडक्या मराठीत वाचून दाखवला.
"पाठीतनं पाणी काढणार. मेंदूला सूज हाय का बघणार.
दुखतंय, पर लई नाही. पोरगं रडणार. तुम्ही रडू नका.
रडायचंच असलं तर जिन्याखाली जागा हाय."

मी जिन्याखाली गेलो.
तिथे आधीच एक माणूस होता, सौंदत्तीकडचा.
आम्ही एकमेकांना जागा करून दिली.

भागीने चार दिवस केस विंचरले नव्हते.
पाचव्या रात्री, सातूचं सलाईन बदलून झाल्यावर,
सिस्टरनी खिशातून फणी काढली
आणि काही न विचारता तिच्यामागे उभ्या राहिल्या.
"तुला बघून घाबरतंय पोर," एवढंच म्हणाल्या.
गुंता सुटताना तिचं डोकं मागे ओढलं जायचं
आणि दर ओढीला ती थोडी थोडी रडायची,
जणू फणीमुळेच.

रात्री आठला ड्युटीवर आल्या की
खाटेखाटेला एकच प्रश्न:
"ऊटा आतेन्री?"
आम्ही जेवलो म्हणून मान हलवायचो. खोटी.
त्या डब्याचं झाकण उघडून बघायच्या.
एकदा कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवून गेल्या,
वर औषध देताना बजावतात तसं बजावलं:
दोघांनी अर्धी अर्धी, आत्ता, माझ्यासमोर.

सातव्या रात्री शेजारच्या खाटेवरची नीलव्वा गेली.
जिन्याखालच्या माणसाची.
सिस्टरनी पडदा ओढला, नळी काढली,
पोरीच्या पायातला काळा दोरा सरळ केला.
मग भागीला म्हणाल्या,
"मला गावाकडं फोन लावायचाय. तू जरा हिच्या आईजवळ बस."
"मला कानडी येत नाही."
"तिला पण आत्ता येत नाही."

पहाटे मी पाणी भरायला गेलो
तर त्या नळाखाली हात धूत होत्या.
धूत होत्या. धूतच होत्या.
मला बघून नळ बंद केला, बाही डोळ्यांवरून फिरवली
आणि सवयीने, साडेचार वाजता, विचारलं,
"ऊटा आतेन्री?"

हयात गेली माझी या गावात.
बसमध्ये, बाजारात, साहेबासमोर
कानडी शब्द ओठाशी आला की जीभ ताठ व्हायची.
का, ते सांगत बसत नाही.
इथल्या माणसाला माहीत आहे.
त्या पहाटे मात्र सहज निघून गेलं,
"निम्दू?"

त्या थांबल्या.
"नाही," मराठीत म्हणाल्या.
मग कँटीनच्या पायरीवर बसून
आम्ही चहात पाव बुडवून खाल्ला.

सातू वाचला.
उजव्या कानाचं ऐकणं तेवढं तिथेच राहिलं.
डॉक्टरांनी ते इंग्रजीत सांगितलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.
सिस्टरनी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला,
शाळेतल्या हिंदीची अक्षरं आठवत लिहिलं:
सकाळि एक. रातरी एक.
डावि कडे बोला.

गोळ्या कधीच संपल्या.
पुठ्ठा अजून मीटरच्या डब्याखाली ठोकलेला आहे,
चुकलेल्या वेलांट्यांसकट.
जेवताना आम्ही सगळे सातूच्या एकाच बाजूला बसतो,
आजा, भागी, मी, मांडीला मांडी लावून, दाटीने.
दुसरी बाजू मोकळी असते.
नवा पाहुणा साहजिकच तिकडे बसायला जातो,
तेव्हा सातू घास थांबवून हात करतो,
"इकडं या. इकडनं बोला."